भारी वस्तू आणि चांगली वस्तू

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे वेगवेगळ्या वस्तूंविषयी असली, तरी त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : जास्त पैसे मोजले म्हणजे वस्तू चांगलीच मिळते का? म्हणून या अंकात ती सहाही पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या घरात हा वाद कायमचा आहे. वडील म्हणतात, पैसे मोजल्याशिवाय चांगली वस्तू मिळत नाही, आणि ते प्रत्येक वेळी दुकानातली सर्वांत महाग वस्तू उचलतात. माझे म्हणणे असे की, आपण वस्तूचे नव्हे, तर जाहिरातीचे पैसे देतो. आम्हां दोघांत बरोबर कोण? (पुणे)

उत्तर : तुमच्या वडिलांचा समज केवळ त्यांचा नाही, तो आपल्या भाषेतच मुरलेला आहे. ‘किंमत’ हा शब्द आपण दुकानातल्या भावासाठी वापरतो आणि माणसाच्या योग्यतेसाठीही वापरतो. ‘भारी साडी’ म्हणजे महाग साडी की सुंदर साडी, हे वाक्यावरून कळत नाही, कारण बोलणाऱ्याच्या मनात ते दोन अर्थ वेगळे झालेलेच नसतात. ‘उंची अत्तर’ आणि ‘हलका माल’ या शब्दांचेही तसेच आहे. ज्या काळी माल उघडा असे आणि तो चाळून, निवडून, प्रतवारी लावून देणारा दुकानदार ओळखीचा असे, त्या काळी भावातला फरक बहुधा निवडण्याच्या मेहनतीतला फरक असे, आणि त्यामुळे हे अर्थ एकत्र राहण्यात फारसे नुकसान नव्हते. आज वस्तू बंद वेष्टनात येते आणि तिच्या भावात कच्चा माल, कारागिराचे श्रम, वाहतूक, आडत, गाळ्याचे भाडे, जाहिरात, विक्रेत्याचा नफा, कर आणि टंचाई इतक्या गोष्टी मिसळलेल्या असतात. यांपैकी पहिल्या दोनच वस्तूच्या अंगात उतरतात. बाकीच्या गोष्टींमुळे वस्तू तुमच्यापर्यंत पोहोचते, पण त्यांनी ती अधिक चांगली होत नाही.

म्हणून माझे उत्तर दोघांनाही थोडे गैरसोयीचे वाटेल. भाव खाली किती जाऊ शकतो, याला मर्यादा असते, आणि त्या मर्यादेखालचा भाव जवळजवळ नेहमी खरे बोलतो : इतक्या पैशांत ही वस्तू प्रामाणिकपणे तयार होऊ शकत नाही, हे तो सांगतो. तिथे तुमच्या वडिलांचे बरोबर आहे. त्या मर्यादेच्या वर मात्र भाव किती चढेल याला काही बंधन नाही, आणि तिथे तो दर्जाविषयी काहीच खात्री देत नाही. तिथे तुमचे बरोबर आहे.

मी अनेक वर्षे एका सहकारी ग्राहक भांडारात खरेदीचे काम पाहिले. एकदा एकाच व्यापाऱ्याकडून, एकाच दिवशी आलेल्या तूरडाळीची पोती चुकून दोन कप्प्यांत रिकामी झाली आणि दोन कप्प्यांवर वेगवेगळ्या भावांच्या पाट्या राहिल्या. आठवड्याच्या आत दोन सभासद भगिनींनी तक्रार केली की, स्वस्त डाळ नीट शिजत नाही, आणि महाग डाळ नेणाऱ्या एका गृहस्थांनी, डाळीला या वेळी चव चांगली आहे, असे मुद्दाम येऊन सांगितले. त्यांतले कोणीही खोटे बोलत नव्हते. भावाने त्यांची जीभ आधीच तयार करून ठेवली होती. ही गोष्ट लक्षात आल्यापासून कोणत्याही मालाचे नमुने तपासताना मी भावाची चिठ्ठी झाकून ठेवण्याची सवय लावून घेतली, आणि घरातला वाद मिटवायचा असेल तर तुम्हीही हेच करून पाहा. दोन प्रतींचा तांदूळ किंवा चहा भाव न सांगता वडिलांपुढे ठेवा, स्वतःपुढेही ठेवा, आणि एका वेळेवर न थांबता चार-पाच वेळा ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे शेंगदाणा तेल तीन भावांत मिळते. एक सुटे आणि फारच स्वस्त, दुसरे नेहमीचे पिशवीतले आणि तिसरे काचेच्या बाटलीतले, ‘लाकडी घाण्याचे’ म्हणून जवळपास दुप्पट भावाचे. महाग तेलच घ्यावे का? (कोल्हापूर)

उत्तर : तेलाच्या बाबतीत भावाची खालची मर्यादा तुम्हांला घरी बसून काढता येते, म्हणून हे पत्र मला विशेष आवडले. चांगल्या शेंगदाण्यातून साधारण ४० ते ४५ टक्के तेल निघते आणि लहान घाण्यावर त्याहून थोडे कमीच निघते. एक लिटर शेंगदाणा तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणजे एका लिटरसाठी सव्वादोन किलोच्या आसपास दाणे लागतात. दाण्याचा भाव किलोला १२० रुपये धरला, तर केवळ दाण्यांचे २७० रुपये झाले. पेंड विकून त्यातले काही परत मिळतात, पण घाण्याची मजुरी, वीज, गाळणे, भरणे आणि विक्री यांचा खर्च त्यावर चढतो. तुमच्या बाजारातला आजचा दाण्याचा भाव घालून हाच हिशोब करा. सुट्या तेलाचा भाव दाण्याच्या खर्चाच्याही खाली असेल, तर त्यात पाम, सरकी किंवा दुसरे एखादे स्वस्त तेल मिसळलेले असण्याचा दाट संभव आहे. सुटे खाद्यतेल विकण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंदी आहे, तीही याच कारणाने, कारण तेलात भेसळ निघाली तर ती कोणी केली, हे सुट्या विक्रीत शोधता येत नाही. दोन तेले कायदेशीरपणे मिसळून विकण्याची मुभा आहे, पण मग वेष्टनावर ते मिश्र खाद्यतेल असल्याचे आणि प्रत्येक तेलाचे प्रमाण किती हे छापावे लागते. पिशवीच्या पुढच्या बाजूला दाण्यांचे मोठे चित्र असले, तरी मागची बारीक ओळ वाचल्याशिवाय ती पिशवी घेऊ नका.

आता दुप्पट भावाच्या बाटलीविषयी. घाण्याच्या तेलाला दाण्याचा वास आणि रंग राहतो, कारण त्यावर शुद्धीकरणाच्या रासायनिक क्रिया झालेल्या नसतात. ज्यांना तो वास हवा आहे, त्यांनी त्यासाठी जास्त पैसे देण्यात काहीच गैर नाही. मीही लोणच्याला आणि भरल्या वांग्याला तेच तेल वापरते. परंतु ज्या कारणाने ते महाग तेल चवदार लागते, त्याच कारणाने त्याची जोखीमही वाढते. ओलसर जागी साठवलेल्या दाण्यांना बुरशी धरते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, जे यकृताला घातक आहे. कारखान्यातल्या शुद्धीकरणात हे विष बहुतांशी निघून जाते. घाण्याच्या तेलात तशी गाळणी नसल्यामुळे दाणा खराब असेल, तर त्यातला काही अंश तेलात उतरतो. म्हणजे घाण्याच्या तेलाचा दर्जा लाकडावर अवलंबून नाही आणि काचेच्या बाटलीवर तर मुळीच नाही, तो दाणे किती कोरडे होते आणि किती नीट निवडले होते यावर अवलंबून आहे. तुमच्या गावात घाणा असेल, तर बाटली घेण्याआधी पोत्यातले दाणे पाहायला मागा. जो घाणेवाला पोते उघडून दाखवतो, त्याला मी दोन पैसे जास्त देईन.

प्रश्न : माझ्या पत्नीला दहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. नेहमीच्या कंपनीच्या गोळ्यांना महिन्याकाठी जेवढा खर्च येतो, त्याच्या एक पंचमांशात त्याच नावाच्या मूळ औषधाच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात मिळतात. शेजारी म्हणतात की, इतके स्वस्त औषध लागूच पडत नाही. निवृत्तिवेतनात पैसे वाचतील हे खरे, पण जिवाशी खेळ नको. काय करावे? (सातारा)

उत्तर : आपल्या पत्राला मी सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण इथे चुकीचा समज खिशालाही भोवतो आणि प्रकृतीलाही.

गोळीच्या पाकिटावर दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, मोठ्या अक्षरांतले; दुसरे औषधाचे खरे नाव, उदाहरणार्थ अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन. काम करते ते दुसऱ्या नावाचे द्रव्य. ते किती असावे आणि गोळी पाण्यात किती वेळात विरघळावी, याची प्रमाणे भारतीय औषधकोशात ठरवलेली आहेत आणि ती महाग गोळीला एक, स्वस्त गोळीला दुसरी अशी नाहीत. साध्या पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्या. पाकिटावर ५०० मिलिग्रॅम लिहिले असेल, तर गोळीत प्रत्यक्ष औषध ९५ ते १०५ टक्क्यांच्या दरम्यान असले पाहिजे, मग ती कोणाचीही असो. पाकीट उलटे करून बारीक अक्षरे वाचली, तर अनेकदा असे दिसेल की, बनवणारी कंपनी एक आहे आणि विकणारी दुसरी. हिमाचल प्रदेशातल्या बद्दीसारख्या ठिकाणचे कारखाने अनेक कंपन्यांसाठी गोळ्या तयार करून देतात आणि एकाच छपराखालून बाहेर पडलेल्या गोळ्या वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या भावांनी विकल्या जातात. भावातला मोठा फरक औषधात नसतो, तो नाव रुजवण्याच्या खर्चात, डॉक्टरांपर्यंत पोहोचणाऱ्या प्रतिनिधींच्या खर्चात आणि मधल्या साखळीच्या नफ्यात असतो.

केंद्र सरकारची जनऔषधी योजना २००८ साली सुरू झाली आणि आज देशभर तिची पंधरा हजारांहून अधिक केंद्रे आहेत. तिथे येणाऱ्या मालाची प्रत्येक खेप (बॅच) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून मगच विक्रीला पाठवावी, असा तिचा नियम आहे. नावाचा खर्च नसल्यामुळे भाव पडतो. आपण पाहिलेला एक पंचमांश भाव त्यामुळे संशयास्पद नाही. मी वर तेलाच्या बाबतीत खालच्या मर्यादेविषयी लिहिले, ती मर्यादा गोळीच्या बाबतीत फारच खाली असते, कारण जुन्या, पेटंट संपलेल्या औषधाची गोळी घडवायला मुळात फार थोडे पैसे लागतात.

शेजाऱ्यांना जे वाटते, त्यालाही कारण आहे. २००८ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ८२ स्वयंसेवकांच्या मनगटाला विजेचे सौम्य झटके देऊन, वेदना शमवणारी नवी गोळी म्हणून त्यांना एक गोळी दिली गेली. प्रत्यक्षात तिच्यात औषध नव्हतेच. अर्ध्या लोकांना तिची किंमत अडीच डॉलर सांगितली आणि उरलेल्यांना ती कमी करून १० सेंट केल्याचे सांगितले. महाग गोळी घेतलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांनी दुखणे कमी झाल्याचे सांगितले, तर स्वस्त गोळी घेतलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांनी. गोळी एकच होती आणि तिच्यात काहीच नव्हते. दुखणे हे जाणवण्यावर मोजले जाते, म्हणून भाव तिथे मनावाटे शिरकाव करतो. रक्तदाब मात्र बहुतेकांना जाणवत नाही. तो यंत्रावर मोजावा लागतो आणि यंत्राला गोळीचा भाव माहीत नसतो. आपल्या शंकेचे उत्तर म्हणूनच शेजाऱ्यांकडे नाही आणि माझ्याकडेही नाही, ते आपल्या घरातल्या रक्तदाब मोजण्याच्या यंत्रात आहे. डॉक्टरांना सांगून गोळी बदला, पुढचे तीन आठवडे रोज ठरावीक वेळी, पाच मिनिटे स्वस्थ बसल्यावर दाब मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. आकडे पूर्वीसारखेच राहिले, तर प्रश्न मिटला. आकडे चढले, तर डॉक्टर मात्रा पाहतील. स्वतःच्या मनाने गोळी मध्येच बंद करणे मात्र कोणत्याही भावात महागच पडते.

दोन इशारे देणे माझे कर्तव्य आहे. पहिला असा की, काही औषधांत रक्तातल्या प्रमाणाचा थोडासा फरकही महत्त्वाचा ठरतो : थायरॉइडची थायरॉक्सिन, फेफऱ्यावरची फेनिटॉइनसारखी औषधे, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन. ही औषधे कोणत्याही कंपनीकडून कोणत्याही कंपनीकडे बदलताना, म्हणजे स्वस्ताकडून महागाकडे जातानासुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. दुसरा इशारा असा की, स्वस्त असणे हाही दर्जाचा पुरावा नाही. केंद्रीय औषध नियंत्रक यंत्रणा दर महिन्याला प्रमाणित दर्जाला न उतरलेल्या औषधांच्या खेपांची यादी जाहीर करते आणि त्या यादीत स्वस्त औषधे असतात, तशी नामांकित कंपन्यांच्या नावाची औषधेही असतात. त्यांतली काही तर त्या नावांची नक्कल केलेली बनावट औषधे निघतात, कारण नक्कल करणाऱ्याला फायदा महाग नावातच असतो. ऑगस्ट २०२३ पासून अधिक खपाच्या ३०० नाममुद्रांच्या (ब्रँडच्या) औषधांवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले आहे, ते हे ओळखता यावे म्हणूनच. औषध कोणतेही घ्या, पण पक्की पावती घ्या आणि पावतीवर खेपेचा क्रमांक असल्याची खात्री करा.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते, म्हणून जाता जाता लिहिते. नेहमीच्या औषधदुकानांतही नाव न गाजलेली जेनेरिक औषधे असतात आणि त्यांतल्या काहींच्या पाकिटावर छापलेली कमाल किंमत नामांकित गोळीच्या तोडीची असते, जरी दुकानदाराला ती फार कमी भावात पडलेली असते. अशा वेळी तुम्ही जेनेरिक औषधाला नावाच्या औषधाचे पैसे देत असता. म्हणून ‘जेनेरिक द्या’ एवढे म्हणून थांबू नका, भावही विचारा.

प्रश्न : दर वर्षी मार्चमध्ये पहिली देवगड हापूसची पेटी मी वाशीच्या बाजारातून मोठ्या किमतीला आणतो. या वर्षी मोठ्या फळांच्या पेटीतली निम्मी फळे कापल्यावर आत पांढरट आणि आंबूस निघाली. इतके पैसे देऊन असे का व्हावे? (पनवेल)

उत्तर : तुमच्या फळांत साका होता, आणि साक्याला भावाची भीती वाटत नाही. हा कीड किंवा रोग नाही. फळ झाडावर पिकत असताना बाठ्याजवळचा गर नीट पिकत नाही, स्पंजासारखा पोकळ आणि आंबट राहतो. बाहेरून फळ निर्दोष दिसते, वासही येतो, आणि सुरी फिरवल्याशिवाय ते कळत नाही. खेदाची गोष्ट अशी की, साका मोठ्या, वजनदार आणि झाडावर जास्त दिवस राहिलेल्या फळांत अधिक आढळतो, आणि बाजारात जास्तीत जास्त भाव मिळतो तो त्याच मोठ्या फळाला. हापूसची पेटी फळाच्या आकारावर लावली जाते. चार डझनांची पेटी मोठ्या फळांची, सहा-सात डझनांची लहान फळांची. तुम्ही जास्त पैसे दिलेत ते आकाराचे दिलेत, चवीचे नाही. म्हणूनच जाणते बागायतदार फळ चौदा आणे तयार झाले की उतरवतात, पूर्ण सोळा आणे होण्याची वाट पाहत नाहीत.

मार्चमधल्या भावाचेही असेच आहे. तो माल थोडा असतो म्हणून चढलेला असतो. पहिल्या पेटीचा आनंद मी समजू शकते आणि पाडव्याला घरात आंबा असावा, ही इच्छाही समजू शकते, पण तो भाव आनंदाचा असतो. एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात आवक वाढून भाव उतरतो, तेव्हाचे फळ माझ्या मते मार्चच्या फळापेक्षा कोणत्याही बाबतीत कमी नसते.

नावाविषयीही सांगायला हवे. हापूसचे भौगोलिक मानांकन २०१८ साली नोंदले गेले आणि ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांना आहे. वाशीला त्याच हंगामात कर्नाटकातूनही आंबा येतो आणि त्यातला काही कोकणातल्या नावाने विकला जातो, अशी कोकणातल्या बागायतदारांची जुनी तक्रार आहे. कोकणातल्या फळाची साल पातळ असते आणि गर केशरी असतो. कर्नाटकातल्या फळाची साल सहसा जाड आणि गर पिवळसर असतो. मानांकनामुळे फळ कुठले, हे कळू शकते, पण आत साका नाही, हे कोणतेही मानांकन सांगू शकत नाही. पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास मनाई आहे. इथिलीन वायू मात्र ठरवून दिलेल्या मर्यादेत चालतो. कार्बाइडने पिकलेले फळ सर्वांगाने एकसारखे पिवळे दिसते आणि देठाजवळ त्याला वास नसतो.

साक्याचा त्रास नको असेल, तर एक वेगळा मार्ग सुचवते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून ‘सिंधू’ या जाती तयार केल्या. रत्नामध्ये साका होत नाही आणि तिचा गर हापूसच्या जवळ जाणारा आहे. तरीही बाजारात रत्नाला हापूसचा मान नाही, कारण तिचे नाव कोणाला माहीत नाही. हापूसमधला दोष जिच्यात नाही, तिलाच कमी भाव मिळतो, हे मला दर उन्हाळ्यात खटकते. कोकणात ओळख असेल, तर एक पेटी मागवून पाहा.

प्रश्न : मुलाने मोटारसायकल घेतली आहे. एक हेल्मेट हजार रुपयांचे आहे आणि दुसरे सहा हजारांचे. सहा हजारांचे जास्त सुरक्षित असेल ना? (ठाणे)

उत्तर : दोन्हींवर खरी आयएसआय खूण असेल, तर दोन्ही एकाच आघात-चाचणीतून गेलेली आहेत. जून २०२१ पासून या खुणेशिवाय हेल्मेट विकणे बेकायदा आहे. सहा हजारांत बहुधा वजन कमी, वारा खेळता, काच चांगली आणि अस्तर धुता येण्याजोगे मिळते, आणि रोज दोन तास गाडी चालवणाऱ्याला या गोष्टींचे मोल आहे, कारण जे हेल्मेट टोचत नाही ते तो डोक्यावर ठेवतो. पण सुरक्षिततेच्या दृष्टीने मापाला भावापेक्षा जास्त महत्त्व आहे. मुलाला बरोबर न्या, हेल्मेट घालून पट्टा लावा आणि डोके हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरले पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. सैल बसणारे सहा हजारांचे घेण्यापेक्षा घट्ट बसणारे हजाराचे घ्या. रस्त्याच्या कडेला दोनशे-अडीचशेत मिळणारे मात्र खुणेसकटही घेऊ नका, कारण तिथे ती खूणच बहुधा खोटी असते.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी पैठणी घ्यायची आहे. इंदूरच्या एका दुकानात ‘अस्सल येवला पैठणी’ नऊ हजारांना दाखवली आणि दुसऱ्या दुकानात जवळपास तशीच दिसणारी पंचेचाळीस हजारांना. पंचेचाळीस हजारांची घेतली, म्हणजे अस्सल मिळेल अशी खात्री धरावी का? आमच्याकडे विचारायला कोणी जाणते नाही. (इंदूर)

उत्तर : ताई, नऊ हजारांची पैठणी हातमागावरची असणे फार अवघड आहे, हे आधी सांगते. पैठणीच्या पदरावरचे मोर, मुनिया किंवा असावलीची वेल विणकर एकेक धागा हाताने अडकवत विणतो. साध्या काठापदराच्या साडीलाही तीन-चार आठवडे लागतात आणि भरगच्च पदर व अंगभर बुट्टे असतील, तर कित्येक महिने लागतात. इतक्या दिवसांची मजुरी, बंगळूरकडून येणारे रेशीम आणि सुरतेची जर यांची बेरीज नऊ हजारांत बसत नाही. ती साडी यंत्रमागावरची असेल. यंत्रमागावरची साडी वाईट असते, असे मी म्हणणार नाही. ती रेशमाची असू शकते, दिसायला सुंदर असू शकते आणि नेसायला हलकी असते. पण ती अस्सल हातमागाची म्हणून विकणे चूक आहे.

पंचेचाळीस हजारांच्या साडीविषयी मात्र मी तुम्हांला खात्री देऊ शकत नाही, कारण तोच भाव यंत्रमागावरच्या साडीलाही कोणी लावू शकतो, आणि लावतातही. ती साडी तुम्हांला स्वतः पाहावी लागेल. दुकानदाराला पदर पूर्ण उलगडायला सांगा आणि तो उलटा करा. हातमागाच्या पैठणीच्या पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते, कारण रंगीत धागे शेजारच्या धाग्यांत गुंतवत नेलेले असतात. मागच्या बाजूला लोंबते किंवा कातरलेले धागे झुपक्यांनी दिसले, किंवा नक्षीच्या मागे आडव्या धाग्यांचे जाळे दिसले, तर ती यंत्रावर विणलेली आहे, मग तिची चिठ्ठी काहीही सांगो. दोन मोर अगदी काटेकोर सारखे नसले, एखाद्या पाकळीची कड किंचित सरकलेली असली, तर नाराज होऊ नका. तो माणसाचा हात आहे.

रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ आणि हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ अशा दोन वेगळ्या खुणा आहेत. सिल्क मार्क केवळ रेशमाची शुद्धता सांगतो, विणकाम हाताचे की यंत्राचे हे सांगत नाही, आणि दुकानदार पुष्कळदा पहिली खूण दाखवून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतात. दोन्ही खुणा स्वतंत्रपणे मागा. जरीचेही विचारा. आज बहुतेक पैठण्यांत तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली जर असते आणि चांदीची जर मुद्दाम मागितली, तरच मिळते. तिचा भाव वेगळा असतो. दुकानदाराने सांगितलेले सर्व काही, म्हणजे हातमाग, शुद्ध रेशीम आणि जरीचा प्रकार, पावतीवर लिहून मागा. नुसते ‘पैठणी साडी, एक नग’ असे लिहिणाऱ्या दुकानातून पंचेचाळीस हजारांची साडी घेऊ नका.

आणि शक्य असेल, तर लग्नाच्या खरेदीसाठी मुलीला घेऊन एकदा येवल्याला या. इंदूरहून ते फार दूर नाही. तिथे घरोघरी माग आहेत आणि विणकर मागावर चढलेली साडी दाखवतात. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस एका मोराच्या एका पिसासाठी किती वेळा धोटा फिरवतो, हे मुलीने पाहिले, तर साडीचा भाव तिला कोणी समजावून सांगावा लागणार नाही, आणि पुढे कोणत्याही दुकानात पदर उलटा करून पाहायला ती विसरणार नाही.